प्रोसेसर ८५ डिग्रीवर? आधी खोलीत किती आहे ते सांगा

नमस्कार मंडळी! एप्रिल लागला, की कमेंट्समध्ये एकच प्रश्न. "दादा, कॉम्प्युटरचा प्रोसेसर ८५ डिग्रीला जातोय, जळेल का?" अकोला, चंद्रपूर, जळगाव, सगळीकडून तेच. म्हणून आज यावरच बोलू.

तापमानाच्या मर्यादा पटकन सांगतो, कारण त्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर दिलेल्याच असतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना १०० डिग्री सेल्सिअस. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्सला ९५, रायझन ७ ७८००एक्स३डीला ८९. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे थ्रॉटल होतो. तरीही ताप वाढतच राहिला, तर मशीन बंद होतं. गेम खेळताना ६५ ते ८०, पूर्ण लोडवर, म्हणजे प्रोसेसर सगळी ताकद लावतो तेव्हा, ८५-९०, एवढ्यात मी निर्धास्त असतो. झालं, पुढे चला.

आता मुद्द्याचं. नुसता ८५ हा आकडा काहीच सांगत नाही. त्या वेळी खोलीत किती होतं?

प्रोसेसरवर बसवलेला कूलर हवेचा असो नाहीतर लिक्विड, त्यातून शेवटी खोलीचीच हवा जाते. खोलीपेक्षा थंड तो प्रोसेसरला करूच शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा किती डिग्री वर राहणार, एवढंच त्याच्या हातात. लोड तोच, फॅनचा वेग तोच, तर हा फरक बारा महिने जवळपास सारखा राहतो.

माझा मावसभाऊ अकोल्याला असतो. इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर, सोबत आलेलाच कूलर. मे महिन्यात व्हिडिओ रेंडर करताना ८५ दिसले. दुकानदार म्हणाला, कूलर गेलाय, नवा घ्या. मी फोनवर सांगितलं, थांब, खोलीचं तापमान दाखवणारं थर्मामीटर कॅबिनेटजवळ ठेव, हवा आत जाते त्या बाजूला. मागच्या बाजूला नाही, तिथे गरम हवा बाहेर पडते. थर्मामीटरवर ३९ आले. जानेवारीत याच कामाला ६९ दिसत होते, तेव्हा खोलीत २३ होते. करा वजाबाकी. ८५ वजा ३९, ४६. ६९ वजा २३, ४६! कूलर जसा होता तसाच आहे. तापलंय ते अकोला. नव्या कूलरचे पैसे वाचले.

आता दुसरीकडून बघा. पुण्याच्या एका प्रेक्षकाने लिहिलंय, "माझा हाच प्रोसेसर ७२ वर जात नाही, विदर्भवाल्यांना पेस्ट लावता येत नाही." (पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती.) अरे, तुझा एसी २४वर आहे, तूच पुढे लिहिलंयस. ७२ वजा २४, ४८. अकोल्याचं मशीन तुझ्यापेक्षा दोन डिग्रीने सरस आहे. असं कुणाला हिणवू नका, मला मनापासून वाईट वाटतं. एसी नसलेल्या खोलीत बसून पोरं शिकतायत, काम करतायत.

आणि उलट बाजू, जी कुणीच बघत नाही. डिसेंबरात माझ्या मशीनवर ७४ दिसत होते. आकडा छान! पण पहाटे खोलीत होते १४. फरक ६०, एरवी माझ्याकडे ४७ असतो. तसाच ठेवला असता, तर मेमध्ये थेट थ्रॉटल. उघडून बघितलं तर हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. धूळ काढली, पेस्ट बदलली, ४७वर आला. तेव्हा फरक वाढला तर हात लावा, आकडा वाढला म्हणून नाही.

एक अपवाद. रायझन ७०००मधले ७९५०एक्ससारखे नावाच्या शेवटी एक्स असलेले मोठे प्रोसेसर. पूर्ण लोडवर ९५पर्यंत जाऊन तिथेच टिकायचं, हे एएमडीने मुद्दाम ठरवलंय, २०२२मध्ये तसं सांगितलंही होतं. तिथे वजाबाकी चालत नाही. आकडा ९५वरच राहतो आणि उन्हाळ्यात क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली येतो. म्हणून तिथे तो वेग, म्हणजे गिगाहर्ट्झ बघा. फार वाटलं तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, कमी वीज वापरणारा इको मोड लावा. वेग थोडा जातो, ताप बराच उतरतो.

आणि कळकळीने सांगतो, साइड पॅनल काढून डेझर्ट कूलर समोर लावू नका. खोली थंड करायला तो जरूर वापरा, पण झोत कॅबिनेटवर नको. दमट हवा आत जाते, पाण्याचे थेंब उडतात, धूळ ओली होऊन मदरबोर्डाला चिकटते. दोन बोर्ड मी असे गेलेले बघितलेत.

तर कमेंट करताना प्रोसेसरचं मॉडेल, कूलर, काय चालू होतं आणि हवा आत जाते त्या बाजूचं तापमान, हे चारही लिहा. खोलीचं थर्मामीटर (तापाचं नव्हे) नसेल तर औषधाच्या दुकानात किंवा स्टेशनरीवाल्याकडे विचारा. मी एकेकाला उत्तर देतो.