गोळी आणि गोणपाट

[गिरगाव. चाळीचा जिना, सकाळचे साडेसहा. मीटरच्या लाकडी कप्प्याखाली घडी घातलेलं गोणपाट.]

तांदळाचा दाणा हलला, तेव्हा मी खाली वाकून पाहिलं.

गोणपाटावर चार-पाच दाणे होते. बहुतेक सुकून तिळासारखे पिवळट झालेले. एक मात्र ताजा, पांढरा. तो सावकाश लांब व्हायचा, आखडायचा, पुन्हा लांब व्हायचा. हा पट्टकृमीचा, म्हणजे टेपवर्मचा सुटलेला तुकडा. मांजराच्या शेपटीखालून एकेक तुकडा असा बाहेर पडतो आणि थोडा वेळ आपला आपण सरपटतो.

गोणपाटाची मालकीण चौथ्या पायरीवर बसून मान खाजवत होती. पांढरी, पाठीवर काळा-पिवळा ठिगळ. चाळीत तिला सगळेच मनी म्हणतात. कप्प्याच्या मागे तिची तीन पिल्लं होती, जेमतेम महिन्याची. डोळे उघडलेले, पाय अजून डगमगणारे, आणि पोटं नगाऱ्यासारखी.

त्या पोटांना चाळ कौतुकानं ‘गुबगुबीत’ म्हणत होती. मीही म्हटलं होतं.

[पिल्लाच्या पोटावर कॅमेरा. मग पाठीवर, तिथे मणके मोजता येतात.]

पाठ हाडकुळी आणि पोट तेवढं फुगलेलं, ही जंतांची ओळख. मांजराच्या आतड्यात जे गोल जंत असतात, ते शेवयांसारखे, चार-पाच सेंटिमीटरपासून दहापर्यंत लांब. पिल्लांना ते बहुतेक वेळा आईच्या दुधातून मिळतात. आईच्या शरीरात झोपून राहिलेल्या अळ्या दूध सुरू झालं की जाग्या होतात आणि दुधावाटे पिल्लात उतरतात. म्हणजे पिल्लू उकिरड्यावर न जाताच जंतांचं धनी होतं.

[चाळीचं फाटक. मासेवाल्या मावशींची पाटी, बाजूला इलेक्ट्रॉनिक काटा.]

औषध वजनावर असतं. भटक्या मांजराचं वजन करणार कसं? परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. मुंबईच्या गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठी एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं, आज कुत्र्या-मांजरांनाही तिथे नेतात. पण मनीला परळला न्यायचं तर आधी ती हातात यायला हवी ना. तेव्हा डॉक्टर गल्लीतलेच गाठले, आणि काटा मावशींचा.

मावशी रोज तिला बांगड्याची डोकी टाकतात. मनी त्यांच्या मांडीपर्यंत येते, दुसऱ्या कुणाच्या नाही. मावशींनी काट्यावर रिकामी टोपली ठेवली, शून्य केलं, टोपलीत एक डोकं टाकलं. मनी आत उतरली.

“दोन किलो सहाशे,” मावशी म्हणाल्या. “त्यातलं डोकं साठ ग्रॅम धर. आन् पापलेटाच्या भावानं नको लावू गं पोरी.”

[औषधाची पट्टी. कात्री.]

डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत दोन औषधं होती. पायरँटेल गोल जंत आणि रक्त शोषणाऱ्या अंकुशकृमींना लुळं पाडतं, मग ते विष्ठेतून वाहून जातात. प्राझिक्वांटेल पट्टकृमीचं कातडंच निकामी करतं. तो आतड्यातच पचून जातो, म्हणून बरेचदा बाहेर काही दिसतच नाही आणि लोकांना वाटतं गोळी फुकट गेली. चार किलोला एक, असं पाकिटावर होतं. दोन किलोच्या वर आहे तर पूर्ण द्या, डॉक्टर म्हणाले, या गोळीला तेवढी सवलत आहे. दूध पाजणाऱ्या मांजरीलाही ती चालते.

सवलत या गोळीला आहे, सगळ्या औषधांना नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मोठ्या मायेनं एक वेगळी गोळी आणून दिली होती. नातवाच्या शाळेतली, अल्बेंडाझोल. 2015 पासून फेब्रुवारीच्या 10 तारखेला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, तेव्हा मुलांना देतात ती. मुलांचं ठीक आहे, पण मांजरात या औषधानं हाडांच्या मगजावर परिणाम होऊन रक्ताच्या पेशी घटू शकतात. ती गोळी परत गेली. काकूंनी सुचवलेला लसूणही गेला. लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि अंकुशकृमींनी आधीच रक्त शोषलेल्या जनावराला ते देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

[वर्तमानपत्रावर बांगड्याचा तुकडा.]

पहिला प्रयत्न असा. गोळीचे दोन तुकडे केले, बांगड्याच्या पोटात दडवले, वरून रस्सा. मनीनं चार मिनिटांत मासा संपवला, काटा चाटला, वर्तमानपत्र चाटलं आणि निघून गेली. कागदावर गोळीचे दोन तुकडे राहिले होते. स्वच्छ. धुतल्यासारखे.

प्राझिक्वांटेल कडू असतं. आणि भटकं मांजर एकदा फसलं की त्या जागी दुसऱ्यांदा येत नाही. म्हणजे हातात एकच संधी, आणि त्या एका मिनिटात गोळी, मानेवरचं औषध, कान, हिरड्या, सगळं उरकायला हवं. मी कागदावर क्रम लिहून काढला. मावशी हसल्या. लग्नाची यादी असते तसा होता तो.

[मावशींची मांडी. जुना पंचा. आवाज फक्त.]

मावशींनी मनीला मांडीवर घेतलं आणि पंच्यात गुंडाळलं. बाहेर फक्त डोकं, मोदकाच्या टोकासारखं.

आधी हिरड्या, कारण त्या पाहायला क्षणच लागतो. गुलाबी हव्यात, मनीच्या फिकट होत्या. मग डोकं थोडं वर, जबड्याच्या कडेनं बोट, तोंड उघडताच गोळी जिभेच्या अगदी मागे. तोंड मिटून गळ्यावरून हात. मागोमाग सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडंसं पाणी, नाहीतर कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते.

तिच्या तोंडाला फेस आला. मावशी घाबरल्या. फेस कडू चवीचा होता, विषाचा नाही. दोन मिनिटांत थांबला.

मग कान. आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ. कापसावर थोडा घेऊन काळ्या कागदावर झटकला आणि भिंगातून पाहिलं, तर पांढरे ठिपके चालत होते. कानातले किडे. त्यांना वेगळं औषध लागलं नाही. मानेवर सोडायचं सेलामेक्टिन त्यांनाही पुरतं, पिसवांनाही, गोल जंतांनाही. फक्त पट्टकृमीला ते काही करत नाही, म्हणून गोळी लागतेच.

या औषधाचं घराणं मला फार आवडतं. जपानमध्ये इतो गावाच्या एका गोल्फ मैदानाजवळची माती सातोशी ओमुरा यांनी प्रयोगशाळेत नेली. त्या मातीतल्या जिवाणूपासून विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूनं ॲव्हरमेक्टिन शोधलं. 2015 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सेलामेक्टिन त्याच कुळातलं. मनीच्या मानेवर, खांद्यांच्या वरच्या बाजूला, जिथे तिची जीभ पोचत नाही, तिथले केस बाजूला सारून ते थेट कातडीवर सोडलं.

इथे एक गोष्ट जरा सावकाश सांगते. मागच्या गणपतीत शेजारच्या चाळीतल्या बोक्याला कुणीतरी कुत्र्याचं पिसवांचं औषध लावलं. बाटली कुत्र्याची, भावना चांगली. त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याचं यकृत ते पचवतं, मांजराचं नाही. बोका संध्याकाळपर्यंत थरथरत होता, मग झटके आले. तो गेला. कुत्र्याचं मांजराला लावायचं नाही, थोडंसुद्धा नाही, आणि पॅरासिटामॉल तर माणसाचंही द्यायचं नाही, एक गोळी जीव घेते.

[पिल्लं. उवांची फणी, वाटीत साबणाचं पाणी.]

पिल्लं त्या मानेवरच्या औषधासाठी लहान होती. त्यांच्या वाट्याला आली काकूंची उवांची फणी. मानेपासून शेपटीकडे फणी ओढायची, अडकलेली पिसू लगेच साबणाच्या पाण्यात. साध्या पाण्यात ती बुडत नाही, उडी मारून परत येते. सगळ्यात छोट्या पिल्लातून एकोणीस निघाल्या. पिल्लाच्या मुठीएवढ्या अंगात रक्त असतं किती! एवढ्या पिसवा त्याला नुसत्या खाजवत नाहीत, पांढरं पाडतात.

जंतांसाठी त्यांना पायरँटेलचं पातळ औषध, वजनाप्रमाणे. आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांना गाठतं. अंगात फिरणाऱ्या अळ्या तेव्हा सुटतात आणि मागाहून आतड्यात येतात.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर एका पिल्लानं शेवयांचा गुंता टाकला. काकूंनी त्या दिवशी खीर केली नाही.

[गोणपाट. जवळून. अजून जवळून.]

आता या गोणपाटाकडे या. माझ्या मते मनीपेक्षा आजारी हेच होतं.

अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा, म्हणजे शंभरातल्या जेमतेम पाच. बाकीच्या अंडी, अळ्या, कोष होऊन अशा गोणपाटात, फरशीच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते, ती मांजरावरून घसरून इथे पडतात. अळ्या खातात काय? मोठ्या पिसवांची काळी विष्ठा, जी खरं तर सुकलेलं रक्त असते. आणि त्याबरोबर पट्टकृमीच्या तुकड्यातून सांडलेली अंडीही. अळीची पिसू होते, मांजर अंग चाटताना ती गिळते, आणि पोटात नवा पट्टकृमी वाढू लागतो. त्या सकाळी हललेला तांदळाचा दाणा इथूनच आला होता. गोळी दिली आणि गोणपाट ठेवलं, तर महिन्याभरात दाणे पुन्हा दिसतात.

गोणपाट जाळलं. फटी उकळत्या पाण्यानं धुतल्या. झाडणारा दादा काळं फिनेल ओतायला निघाला होता, त्याला थांबवलं. त्यातलं फिनॉल मांजर पायावरून चाटून घेतं आणि तेच तिला बाधतं. गोल जंतांची अंडी मात्र फिनेलला दाद देत नाहीत. मावशींनी नव्या अंथरुणासाठी जुनी सुती साडी दिली, दर आठवड्याला गरम पाण्यात धुण्याच्या अटीवर.

[पहिल्या मजल्याची गॅलरी. तुळशीची कुंडी.]

आणि कुंड्या. मनीचा संडास म्हणजे काकूंची तुळस. ताज्या विष्ठेतली गोल जंतांची अंडी लगेच लागत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून रोजची घाण रोज उचलली तर काम सोपं. महिनाभर पडलेली, सुकून मातीत मिसळलेली, दिसतही नाही, तीच धोक्याची. त्या मातीत खेळून हात न धुता खाणाऱ्या मुलाच्या पोटात ती अंडी गेली, तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही जातात. काकूंनी कुंडीवर जाळी बसवली, आम्ही कोपऱ्यात वाळूचं घमेलं ठेवलं. तिसऱ्या दिवशी मनीनं ते पत्करलं.

दुसऱ्या मजल्यावर सून गरोदर आहे. सासूबाईंचं म्हणणं, मांजरं सोडून या कुठेतरी. त्यांची भीती टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या एका सूक्ष्म जिवाची, आणि भीती खोटी नाही. तो जंत नव्हे, त्याच्यावर ही गोळी चालत नाही. पण मांजर सहसा आयुष्यात एकदाच, आठवडा ते तीन आठवडे त्याची अंडी टाकतं, आणि अंडी लागू व्हायला निदान एक दिवस जातो. घमेलं सुनेनं उपसायचं नाही, रोज दुसऱ्या कुणीतरी उपसायचं. भाजी धुऊन खायची, मटण नीट शिजवून, कारण तो त्यांतूनही येतो. सासूबाईंना मटणाचं ऐकून धक्का बसला. त्यांच्याकडे कबाब अर्धकच्चे करतात.

[तीन आठवड्यांनंतर. तोच जिना. सुती साडी.]

मनी आली. वजन दोन किलो नऊशे, बांगड्याचं डोकं वजा करून. हिरड्या गुलाबी.

मी साडी पांढऱ्या कागदावर झटकली. दहा काळे ठिपके पडले. मातीचे असतील, किंवा पिसवांचे. ओळखायची युक्ती सोपी आहे. कागद ओला करायचा. माती काळीच राहते, सुकलेलं रक्त विरघळून तांबडं पसरतं.

[कागदावर पाण्याचे थेंब. कॅमेरा हलत नाही.]

नऊ काळेच राहिले.

दहावा थोडा वेळ तसाच होता. मग त्याच्या कडेनं गंजासारखी एक रेघ निघाली आणि वाढत गेली. पिसवांचे कोष महिनोनमहिने टिकतात. फरशीची कुठलीतरी फट राहिली असणार.

मावशींनी पाटीवर फडकं टाकलं, हात धुतले.

“फणी आण,” त्या म्हणाल्या. “आन् पाणी उकळायला ठेव.”