पोफळ हेक्टरात मोजू नका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'वादळानंतर वाडीची उभारणी'. त्यावर येतोच. पण आधी एक हिशेब मांडू द्या, तो बरेच दिवस घशाशी अडकलाय.

3 जून 2020ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत वाड्या, म्हणजे माड-पोफळींच्या (नारळ-सुपारीच्या) बागा, आडव्या झाल्या. त्यात टाळेबंदी. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही, म्हणून पंप बंद, फोन मुके. अशात पंचनामे सुरू झाले, आणि ते झाले हेक्टरात.

फळबागेला हेक्टरी 50,000 रुपये भरपाई ठरली. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडे हेक्टर कुणाकडे आहे? आपली वाडी गुंठ्यांची. पोफळी 2.7 मीटरवर लावल्या तर गुंठ्यात तेरा-चौदा बसतात, हेक्टरात साधारण 1,370. भागाकार करा: झाडामागे 36 रुपये! दहा गुंठेवाल्याला पाच हजार. पडलेली खोडं कापून बाहेर काढायची मजुरी तरी त्यात भागते का? त्यातच माड, जायफळ, पोफळीवर चढलेली मिरी. ही चार मजल्यांची शेती, आणि मोजायची एकाच मजल्याची जमीन. पुढे ओरड झाली, तेव्हा झाडागणिक दर आला: पोफळीला 50, माडाला 250. मोजायची रीत सुधारली, याचा आनंद आहे. पण पोफळीचे 50 रुपये म्हणजे तिच्या एका हंगामाच्या सुपारीचंही मोल नव्हे.

शिवाय सातबारा सामाईक. दहा-बारा नावं, निम्मी मुंबईत, आणि सगळ्यांची संमती हवी. टाळेबंदीत ती आणायची कुठून?

इथे वाडीत विळा चालवणारे किती, हात वर करा बरं. छान. उरलेले सुपारी कातरणारे, त्यांचंही स्वागत. कातरणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की पोफळीला एकच शेंडा. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने धुमारा येतो. पोफळीचा, माडाचा कोंब मोडला की झाड संपलं. मग वेळेचा हिशेब बघा. वादळ जूनमध्ये, बियाण्याची पिकलेली फळं त्या हिवाळ्यात, रोप बारा ते अठरा महिन्यांचं झाल्यावर लावायचं, म्हणजे 2022चा पावसाळा, फळ धरायला पुढे पाच-सात वर्षं. घराचे पत्रे महिन्या-दोन महिन्यांत चढले असतील. वाडीचं घड्याळ वेगळं आहे. म्हणून माझा आग्रह: भरपाई झाडं मोजून द्या, आणि वर्षं मोजून द्या.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. तेव्हा उभारणी भराभर सांगतो.

पहिलं, पडलेले माड वाडीत कुजू देऊ नका. कुजक्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे उभ्या माडांचे कोंब कुरतडतो. खोडाचे तीन-चार फुटी तुकडे करून उभे चिरा म्हणजे वाळतील. बुंधा उपटता आला नाही तर मातीने पूर्ण झाका. उभ्या माडाच्या ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, त्यामुळे जखमांना बोर्डो मलम त्याच आठवड्यात लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांडं नको.

दुसरं, कललेला लहान माड दोर आणि टेकू देऊन सरळ होतो. मोठा ओढू नका, उरलेली मुळं तुटतात. त्याच्या बुंध्याला मातीची भर द्या.

तिसरं, सावली. शेजारची झाडं गेली की वाचलेल्या पोफळीच्या खोडाला नैर्ऋत्येचं ऊन लागतं. आधी साल पिवळी पडते, मग तडकते. त्या बाजूला झावळ्या बांधा, आणि नव्या रोपांआधी केळ लावा.

शेवटचं, बियाणं. वादळात उभ्या राहिलेल्या, भरपूर धरणाऱ्या जुन्या पोफळींवर आत्ताच चुन्याचा पट्टा मारा. त्यांचीच पूर्ण पिकलेली, वजनदार फळं घ्या. ती पाण्याच्या घमेल्यात टाका. देठाची बाजू वर ठेवून उभी तरंगतील ती बियाण्याला, आडवी पडतील ती वाळवणात.