नऊ जनावरांसह भाड्याचं घर

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईत भाड्याचं घर शोधायला लागलं की दलाल पहिल्याच फोनवर विचारतो, फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? बजेट किती? सोबत जनावरं किती, हे मात्र तो विचारत नाही, ते आपणच सांगावं लागतं. सांगितलं की पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग आवाज येतो, "एखादं असेल तर बघतो मॅडम. लहान असेल तर." आणि आपल्याकडे असतात रस्त्यावरून आणलेली सहा मांजरं आणि तीन कुत्री. त्यातला एक कुत्रा तीन पायांचा.

नऊ जनावरं पाळायची असं ठरवून कुणी पाळत नाही. जुलैच्या पावसात गाडीच्या बॉनेटखाली ओरडणारं पिल्लू सापडतं. शेजारच्या आजी जातात आणि त्यांची मांजर मागे उरते. एखाद्या कुत्रीला टेम्पोची धडक बसते, आणि ही आता रस्त्यावर निभावणार नाही असं डॉक्टर सांगतात. आकडा असा वाढत जातो. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. मग इमारत रीडेव्हलपमेंटला जाते. फ्लॅटच्या मालकाला बिल्डरकडून भाडं मिळतं, शिफ्टिंगचे पैसे मिळतात. भाडेकरूला मिळते ती खाली करायची तारीख. त्यातून सगळी इमारत एकदमच आसपास घरं शोधायला निघते, म्हणजे तिथली भाडीही चढतात.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "घाबरू नका, कायदा आपल्या बाजूने आहे." आहे, पण अर्धाच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली सूचना काढल्या. त्यांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही. कुत्र्याला लिफ्टमध्ये मज्जाव करता येत नाही. तो भुंकतो म्हणून त्याला काढा, असंही म्हणता येत नाही. पण हे सगळं सोसायटीला. स्वतःचा फ्लॅट असलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार आहे. भाडेकरूची गाठ आधी घरमालकाशी, आणि लिव्ह अँड लायसन्स हा दोघांमधला करार. त्याला नको असेल तर तो सरळ नाही म्हणतो. संविधानाच्या कलम ५१-अ मध्ये भूतदया हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे, ते वाचून कुणी घराची किल्ली काढून दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

म्हणून मी म्हणते, घराच्या आधी मालक शोधा. दलालाला एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मिळतं. त्यासाठी नऊ जनावरांची वकिली तो कशाला करेल? त्याच्याकडे बिनजनावरांची दहा गिऱ्हाइकं असतात. खरी ओळख निघते ती रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या माणसांकडे, जनावरांच्या डॉक्टरकडच्या कंपाउंडरकडे, मासळीबाजारात मांजरांसाठी रोज डोकी बाजूला ठेवणाऱ्या मावशींकडे. कुणाचा फ्लॅट कधीचा रिकामा पडलाय, कुणाच्या आईने आयुष्यभर मांजरं पाळली, हे त्यांना ठाऊक असतं. जिन्याशेजारचं, जुन्या लाद्यांचं, मागच्या गल्लीकडे तोंड असलेलं घर लवकर उठत नाही. अशा घराचा मालक निदान ऐकून घेतो.

आणि त्याला आकडा खरा सांगा. दोन सांगायची आणि बाकीची रात्री बास्केटमधून वर न्यायची, ही युक्ती पुष्कळजण करतात. वॉचमनला आठवड्यात कळतं, कारण मांजर खिडकीत बसायचं सोडत नाही. मग अकरा महिन्यांचा करार पुढे वाढत नाही, किंवा महिन्याची नोटीस हातात पडते, आणि दारावरच्या नखांच्या ओरखड्यांपायी डिपॉझिट कापलं जातं. पुन्हा टेम्पो, पुन्हा दलाली, पुन्हा नव्या मालकापुढे तेच. स्वस्त घर महाग पडतं ते असं.

माझ्या अनुभवात घरमालक जनावरांना फारसा भीत नाही, तो वासाला भितो. त्यावर उपाय एकच. त्याला आत्ताच्या घरी चहाला बोलवा, आणि आदल्या दिवशी फिनाईल ओतून ठेवू नका. तो दारातून आत येईल, एकदा नाक वर करेल, मग बसेल. बसला की बोलणी सुरू. नसबंदीचे आणि रेबीजच्या लशीचे कागद एका फाईलमध्ये जनावरागणिक लावलेले असावेत, कुत्र्यांचं महापालिकेचं लायसन्स सोबत असावं. जाण्याच्या वेळी घर रंगवून देईन, हे आपणहून म्हणावं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये प्राण्यांचा उल्लेख आकड्यासकट लिहून घ्यावा, तोंडी होकारावर राहू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे हा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. इथे काटकसर नको.

एक गंमत सांगते. काही इमारतींत कुत्रा चालतो, चिकन चालत नाही. आपण मारे शाकाहारी असू, पण तीन कुत्र्यांचा भात काही वरणावर भागत नाही. सकाळी कुकरची दुसरी शिट्टी झाली की सगळ्या जिन्याला कळतं. तेव्हा तेही आधीच विचारून घ्यावं.

मुंबईत जमत नाही म्हटल्यावर माणूस रेल्वेच्या रुळाबरोबर बाहेर सरकतो. नालासोपारा, विरार, टिटवाळा, बदलापूर. तिथे भाडं उतरतं, कधी बैठं घर मिळतं, पुढे चार पावलांचं अंगणही असतं. तीन पायांच्या कुत्र्याला जिना नाही म्हणजे स्वर्गच. पण बैठं घर बघताना मे महिन्यात हुरळून जाऊ नका. २०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये किती दिवस पाणी होतं, आठवतंय ना? पुढच्याच वर्षी, २०१९ च्या जुलैत, उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. गाडीतल्या माणसांना बोटींनी काढलं. घरात गुडघाभर पाणी आणि नऊ जनावरं, त्यांना ठेवणार कुठे? म्हणून पाणी कुठवर येतं हे मालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. तो दुकानाच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. पोटमाळा असेल तर त्या घराला माझ्याकडून दोन गुण जास्त. साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मुतामुळे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो, तो कुत्र्यांनाही होतो. कुत्र्यांच्या एकत्रित लशीत लेप्टोची लस असते, ती पावसाळ्याआधी झाली आहे ना, ते बघा. उन्हाळ्यात टँकर लागतो का, तेही विचारा. लाद्या धुवायला किती पाणी जातं ते आपल्यालाच माहीत.

दूर जाण्यातला दुसरा हिशेब डॉक्टरचा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं रुग्णालय आहे, १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण रात्री अकराला विरारहून परळ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. बोक्याची लघवी अडली तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. तेव्हा अ‍ॅग्रीमेंटवर सही करण्याआधी, रात्री फोन उचलणारा जवळचा डॉक्टर कोण, ते बघून या. रिक्षाचे पैसेही भाड्यातच धरा.

गल्लीतल्या ज्या कुत्र्यांना तुम्ही रोज खायला घालता, त्यांना मात्र बरोबर नेऊ नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. आणि परक्या गल्लीत तिथली कुत्री त्याला उभं राहू देत नाहीत. मागे राहणाऱ्या कुणाला तरी घालायची वेळ, कोण काय खातो, कुणाला औषध चालू आहे, हे कागदावर लिहून द्या.

सामान हलवायच्या दिवशी मांजरं टेम्पोत सामानाबरोबर चढवू नका. त्यांना बास्केटमध्ये, आपल्या गाडीने किंवा रिक्षाने, सगळ्यात शेवटी न्या. नव्या घरात पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, जुन्या चादरीसकट. त्याआधी प्रत्येक खिडकीला जाळी लागलेली हवी. कबुतरांसाठीची पातळ नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं, जरा जाड बघून घ्या. जाळीवाला म्हणेल, "उद्या येतो." तो येऊन काम करून जाईपर्यंत टेम्पोवाल्याला तारीख देऊ नका.

नमस्कार.