वादन विरलं, कागद उरले

मित्रहो, नॉर्वे आणि पियानो म्हटलं की आपल्या ओठांवर एकाच संगीतकाराचं नाव येतं : एडवर्ड ग्रीग. आज मी ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, ती ग्रीगच्याच पिढीतली, ग्रीगचीच मैत्रीण. पियानोवादक आणि संगीतकार आगाते बाकर ग्रोनडाल. संगीताच्या पुस्तकांत ती बहुधा एका ओळीत उरकली जाते, 'ग्रीगचा कॉन्चेर्टो गाजवणारी' म्हणून. कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायची मोठी रचना. ही ओळ खोटी नाही; पण फार तोकडी आहे.

आगातेचा जन्म 1 डिसेंबर 1847चा, ऑस्लोच्या खाडीकाठी होल्मेस्त्रांद नावाचं गाव आहे तिथला. घर सुखवस्तू. ती दहा वर्षांची असताना कुटुंब ख्रिस्तियानियाला आलं. ऑस्लोचं तेव्हाचं नाव ते. तिथे हाल्फदान शेरुल्फसारखा गीतकार-संगीतकार तिला शिकवायला मिळाला. थोरली बहीण हॅरिएट चित्रं काढायची. ही हॅरिएट बाकर पुढे नॉर्वेतल्या पहिल्या फळीतली चित्रकार झाली. 1865 साली आगाते बर्लिनला पियानोशिक्षक थिओडोर कुलाककडे शिकायला गेली तेव्हा हॅरिएट तिच्या सोबतीला होती. एकीचा पियानो, दुसरीची रंगपेटी. हॅरिएटच्या चित्रांत खिडकीतला किंवा दिव्याचा उजेड आणि पियानोशी बसलेली बाई पुन्हापुन्हा दिसते, त्याचं मूळ मला या सहवासात आहे असं वाटतं.

आता 1868 सालाकडे येऊ. ख्रिस्तियानियात आगातेचं पहिलं मोठं जाहीर वादन. वय वीस. वाद्यवृंदाचं संचालन ग्रीगकडे, तोही जेमतेम पंचविशीचा. आणि रचना कोणती, तर बेथोवेनचा पाचवा कॉन्चेर्टो, 'एम्परर'. त्या काळच्या बहुतेक कॉन्चेर्टोंत आधी वाद्यवृंद बराच वेळ वाजतो, वादकाला स्थिरस्थावर व्हायला सवड मिळते. इथे ती सोय नाही. वाद्यवृंदाचा एकच भरघोस कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा सुरांचा गुच्छ, पडतो आणि लगेच पियानोला एकट्यानं, खालपासून वरपर्यंत, धाव घ्यावी लागते. मग दुसरा कॉर्ड, पुन्हा धाव, मग तिसरा. मिनिटभरात वादकाचा कस लागून जातो. विसाव्या वर्षी पदार्पणाला ही रचना निवडणारी मुलगी स्वतःबद्दल साशंक नव्हती, एवढं नक्की.

त्याच उन्हाळ्यात ग्रीगनं डेन्मार्कमध्ये बसून आपला कॉन्चेर्टो लिहिला. तो पहिल्यांदा वाजवला एडमंड नॉयपर्टनं, 1869 साली, कोपनहेगनमध्ये. आगाते मात्र पुढे त्या रचनेची फार मोठी वादक ठरली.

शिक्षण तिनं थांबवलं नाही. 1871मध्ये फ्लॉरेन्सला हान्स फोन ब्यूलोकडे, 1873मध्ये वायमारला लिस्टकडे. ब्यूलो म्हणजे रचनेची काटेकोर चिकित्सा करणारा, लिस्ट म्हणजे पियानोतून अख्खा वाद्यवृंद ऐकवणारा. दोघांकडे बसून आलेली माणसं फार नसतील. 1875मध्ये तिचं लग्न झालं, गायनशिक्षक आणि समूहगान-संचालक ओलाउस ग्रोनडालशी. तीन मुलगे झाले. संसार, शिकवण्या, मैफली, लेखन सगळं एकाच घरात चालू होतं.

1889 साली ती लंडनला गेली आणि तिथे ग्रीगचा कॉन्चेर्टो वाजवला. बर्नार्ड शॉ तेव्हा नाटककार म्हणून प्रसिद्ध व्हायचा होता. 'द स्टार' या वृत्तपत्रात 'कॉर्नो दी बासेत्तो' या टोपणनावानं संगीतसमीक्षा लिहायचा. भल्याभल्यांची खरडपट्टी काढणाऱ्या या माणसानं आगातेबद्दल मात्र हातचं न राखता लिहिलं, थोर कलावंतांच्या पंगतीत तिला बसवलं. तो कॉन्चेर्टो कसा सुरू होतो ते आठवा : टिंपनीचा, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांचा, घुमत चढणारा नाद, आणि मग पियानोच्या वरच्या टोकापासून थेट मंद्र सुरांपर्यंत कोसळत येणारे कॉर्ड. हे तिच्या हातचं कसं ऐकू येत असेल? ते आता कळायला मार्ग नाही, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

कारण दरम्यान तिचे कान जात होते. 1901 साली स्वीडन आणि फिनलंडमध्ये ती वाजवून आली आणि नंतर तिनं व्यासपीठ सोडलं. ग्रीगनं 1903मध्ये पॅरिसला ग्रामोफोनसाठी स्वतःच्या रचना वाजवल्या. खरखरीत का असेना, त्याचं वादन आपण आज ऐकू शकतो. आगातेच्या वाट्याला ते आलं नाही. बहिरेपण म्हटलं की आपण लगेच बेथोवेनचं नाव घेतो. पण रचनाकार बहिरा झाला तरी कागदावर लिहू शकतो. वादकाचा हात कानाच्या भरवशावर चालतो. खुद्द बेथोवेनलाही 'एम्परर' जाहीरपणे वाजवता आला नाही, लाइपझिगला 1811मध्ये तो दुसऱ्यानंच वाजवला. आगातेची सुरुवात झाली ती नेमक्या त्याच रचनेनं.

म्हणून तिचं लेखन महत्त्वाचं. सत्तर ओपस, म्हणजे क्रमांक दिलेले रचनासंच, आणि त्यांत मिळून सुमारे चारशे रचना. त्यांत गाणी आणि पियानोचे छोटे तुकडे मुख्य. वाद्यवृंदासाठी तिनं जे थोडं लिहिलं ते तरुणपणीचं. लहान रचना म्हणजे लहान प्रतिभा, हा हिशेब मला पटत नाही. घरोघरी पियानो होते, गाणाऱ्या मुली होत्या, प्रकाशकांना तेच हवं होतं. बाईच्या सिंफनीसाठी, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेसाठी, वाद्यवृंद कोण उभा करणार होतं? आणि तिचे मैफलीचे एट्यूड, म्हणजे वादनकौशल्याचा कस पाहणारे तुकडे, वाजवून पाहा. त्यांत बोटांची जी मागणी आहे, ती हौशी दिवाणखान्याला झेपणारी नाही. तिच्या हातांत काय ताकद होती, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा तोच.

4 जून 1907 रोजी ती गेली, ऑस्लोजवळच्या ओर्मोया बेटावरच्या घरी. तीनच महिन्यांनी, सप्टेंबरात, ग्रीग गेला. तिचा मुलगा फ्रिदत्योफ पियानोवादक झाला आणि आईच्या रचना वाजवत राहिला. गेल्या काही दशकांत इतर वादकांनीही त्या ध्वनिमुद्रित केल्या आहेत. तुम्ही ऐकायला सुरुवात करणार असाल तर माझी शिफारस आधी एट्यूडची, मग 'निळ्या डोंगरात' या अर्थाच्या नावाची, परीकथेवरची तिची पियानोमाला, आणि गाणी त्यानंतर. गाणी आधी ऐकलीत तर तिच्या गोडव्यातच अडकून पडाल आणि त्यामागची वादक निसटून जाईल.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.