कणा शाबूत आहे का?

[दृश्य : वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची, खाडी. वैशाख अमावास्येची ओहोटी. चिखलात टेकूंवर उभी असलेली एक लाकडी होडी.]

जुनी होडी बघायची तर उधाणाच्या ओहोटीला. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात भरती-ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरचा फरक पडतो. एरवी पाण्यात दडलेला तळ तेवढ्या वेळापुरता उघडा पडतो. भरतीला होडी बघणाऱ्याला फक्त रंग दिसतो.

ही होडी गेले काही पावसाळे पाण्यावर गेलेली नाही. मालक थकले, मुलं नोकरीला लागली, खलाशी मिळेनासे झाले. वेसाव्यापासून उत्तनपर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात अशी एखादी तरी होडी उभी असते. नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, रंग उडालाय, केबिनचं दार बिजागरीतून सुटलंय, आणि कठड्याच्या सांध्यात पिंपळाचं रोप आलंय.

हिला घ्यायचं मनात आहे ते इथल्याच एका भाऊ-बहिणीच्या. भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. बहीण मासळी विकते, आणि कोळ्याच्या घरात जसं असतं तसं, पैशाचं गणित तिच्याकडे. भावाला डोल जाळ्यासाठी, बोंबील-जवळ्याच्या धंद्यासाठी, स्वतःची होडी हवी आहे. नवी होडी आवाक्याबाहेर. ही स्वस्तात मिळते आहे. बहिणीचा प्रश्न सरळ आहे : "स्वस्त कशापायी?"

[दृश्य : मेस्त्री होडीभोवती फिरतात. हातात लहान हातोडी.]

त्यांनी सोबत मेस्त्रींना आणलंय. होडी बांधण्यात ज्यांची हयात गेली असे मेस्त्री आता मुंबईत मोजकेच उरलेत, त्यामुळे त्यांचा शब्द इथे कुठल्याही कागदापेक्षा वजनदार. ते आधी होडीला हातसुद्धा लावत नाहीत. लांब जाऊन, एक डोळा मिटून, नाळेपासून सुकाणूपर्यंतची रेघ बघतात. मग भावाला दोरी धरायला लावतात, तळाच्या कण्यालगत (तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारा मुख्य वासा), या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून. वर्षानुवर्षं चुकीच्या जागी टेकू लावून होडी उभी राहिली, की ती कमरेत वाकते आणि दोन्ही टोकं खाली झुकतात. फळी बदलता येते, फळ्यांना आतून धरणारी बरगडी बदलता येते. कणाच वाकला असेल तर जुन्या होडीच्या नावावर नवी होडी बांधावी लागते, आणि तीही नव्यापेक्षा महाग.

दोरी आणि कणा यांच्यामध्ये मेस्त्री बोटं घालत घालत जातात. मधोमध दोन बोटं, टोकाला दोन बोटं. "सरळ हाय," एवढंच म्हणतात.

मग हातोडी. फळीवर हलका ठोका. चांगलं सागवान खणखणीत बोलतं. कुजलेलं लाकूड आवाज गिळून टाकतं. तुम्हीही कान देऊन ऐका.

[ध्वनी : ठोके. निवेदन थांबते.]

शेवटचे दोन ठोके वेगळे ऐकू आले ना? मेस्त्रींनी तिथे खडूने गोल केला. मग टोच्या लावला. बाकी ठिकाणी तो जेमतेम टेकतो, इथे बोटभर आत गेला. बाहेर काढला तर टोकाला काळपट, ओलसर भुसा.

आपल्याला वाटतं, समुद्राचं खारं पाणी लाकूड खातं. कुजण्याच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. लाकूड कुजवणारी बुरशी मिठात सहसा वाढत नाही. तिला लागतं गोडं पाणी, आणि मुंबईचा पाऊस चार महिने ते पुरवतो. धंद्यावर जाणारी होडी रोज खाऱ्या पाण्याने धुतली जाते. टाकून दिलेल्या होडीत पावसाचं पाणी डेकवर साचतं, सांध्यांतून झिरपतं, बरगड्यांच्या बगलेत जाऊन बसतं. पिंपळाचं रोप उगवलंय ते याच पाण्यावर. म्हणून कुजकं लाकूड शोधायचं ते वरून पाणी जिथे उतरतं तिथे : कठड्याखाली, केबिनच्या कोपऱ्यात, मागच्या टोकाला.

खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा. लाकूड पोखरणारा हा जीव दिसायला अळीसारखा, पण जातीने शिंपल्याचा भाऊबंद. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पिल्लू आत शिरतं आणि लाकडातच वाढतं. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून तिची चाळण झालेली असते, प्रत्येक बोगद्याला चुन्याचं पांढरं अस्तर. सागवान त्याला बराच काळ दाद देत नाही, पण अजिबात लागत नाही असंही नाही. हलक्या लाकडाची ठिगळं लावलेली असतील तर तो आधी तिथे घुसतो.

[दृश्य : फळ्यांमधल्या फटी. पलीकडचा उजेड दिसतो.]

बहिणीला सगळ्यात जास्त धडकी भरली ती या फटींनी. फळ्यांमधून चक्क पलीकडचा उजेड दिसतो. मेस्त्री म्हणाले, याला घाबरू नका. वाळलेलं लाकूड आक्रसतं, पाण्यात गेलं की फुगतं आणि फट मिटते. सांध्यात कापूस ठोकून भरायचा, वर राळ आणि तेलाचं मिश्रण लावायचं, ही पद्धत त्या फुगण्याला जागा ठेवूनच बसवलेली आहे. घाई करणारा माणूस इथे कडक लांबी (पुट्टी) किंवा इपॉक्सी ठासून भरतो. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगायला बघतात, जागा मिळत नाही, आणि त्या बरगड्यांवरचे खिळे उपटतात. उजेड दिसतो म्हणून होडी सोडू नये. खिळ्यांच्या डोक्याभोवती लाल ओघळ आलेत का, ते मात्र नीट बघावं. गंजलेला लोखंडी खिळा फुगतो आणि आपल्याभोवतीचं लाकूड पोकळ करतो. असा खिळा काढून नवा मारायला शेजारी भक्कम लाकूड उरलेलं असावं लागतं.

[दृश्य : 'ट्रिंकोमाली' जहाजाची चित्रं. मग आजचं हार्टलपूल.]

टाकून दिलेलं लाकूड किती वर्षांनी पुन्हा उभं राहू शकतं, याचा मुंबईचाच एक दाखला आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी इथल्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज मलबारी सागवानात बांधलं. तिचे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकन नौदलाने लढाईत पाडाव केलं, म्हणून नकाशे पुन्हा मागवावे लागले. १८१७ च्या ऑक्टोबरात ती पाण्यात उतरली. ऐंशी वर्षांनी, १८९७ मध्ये, नौदलाने ती भंगारात काढली. त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाचं मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारं 'फूद्रोयां' हे जुनं जहाज वादळात फुटलं होतं. त्याने भंगारातून 'ट्रिंकोमाली' उचलली, दुरुस्त केली आणि तिला जुन्याचंच नाव दिलं. पुढे १९९० ते २००१ या काळात इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तिची पूर्ण डागडुजी झाली, मूळ नाव परत मिळालं, आणि आज ती तिथे तरंगते आहे.

तिच्या टिकण्यात सागवानाचा वाटा मोठा, हे खरंच. पण मला त्यात कॉबची गरज जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्याकडे तिच्यासाठी काम तयार होतं. कीव येऊन घेतलेली होडी किनाऱ्यावर दुसऱ्यांदा कुजते, हे खाडीच्या काठाने चालत गेलात तर ठिकठिकाणी दिसेल. एक बाजू रंगवलेली, निम्म्या फळ्या नव्या, आणि काम तिथेच थांबलेलं.

[दृश्य : तळाचा फायबरचा थर. मेस्त्री पटाशीने कोपरा उचलतात.]

आता खरी अडचण. पाण्याच्या रेषेखाली या होडीला फायबरचा थर आहे. बऱ्याच मालकांनी गळती थांबवायला जुन्या लाकडावर फायबर चढवलं. काही वर्षं ते टिकतं. पण लाकूड फुगतं आणि आक्रसतं, फायबर तसं करत नाही. हळूहळू दोघांची पकड सुटते, मधे पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. फायबरखालचं लाकूड कसं आहे, हे हातोडीला कळत नाही.

मेस्त्रींनी मालकांना विचारलं, "काका, थोडं सोलून बघू?" विकणाऱ्याने इथे नाही म्हटलं, तर माझ्या मते तिथूनच मागे फिरावं. काकांनी मान डोलावली. "सोल की. माझ्यापासून लपलेलं नाय तं तुमच्यापासून कशाला लपवू?"

पटाशी घातल्यावर फायबर जुन्या पोस्टरासारखं सोलत आलं. आतून आंबूस वास आला. कण्याला लागून असलेली सगळ्यात खालची फळी ओली, मऊ. नखाने ओरखडा काढला तर लाकडाचे तंतू बोटाला चिकटले. हातभर पुढे तेच. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग मेस्त्री चिखलात आडवे झाले आणि मोकळ्या झालेल्या जागेतून टोच्या थेट कण्यावर लावला. टेकला. जोर दिला, तरी टेकूनच राहिला. पुढे, मधे, मागे, तीन ठिकाणी तसंच.

कणा शाबूत. आतल्या बाभळीच्या बरगड्यांपैकी मागच्या काही गेलेल्या, बाकी घट्ट. खालच्या फळ्या दोन्ही बाजूंच्या बदलायच्या. उरलेलं फायबर सगळं काढल्याशिवाय यापुढचं कुणीच सांगू शकत नाही.

[दृश्य : इंजिन. दुधाळ तेल कापडावर.]

इंजिनाकडे फार वेळ दिला नाही. कोळीवाड्यात होडीची ओळख सिलिंडरवर चालते, आणि ही तीन सिलिंडरची. हाताने फिरवायला गेले तर इंजिन हललं नाही, तेलात पाणी शिरून ते दुधाळ झालेलं. दारुखान्यात, मुंबईच्या जहाज-भंगाराच्या बाजारात, जुने सुटे भाग मिळतात, तरी जाम झालेल्या इंजिनासाठी होडीच्या किमतीत एक रुपयाही धरू नये, असं मेस्त्रींचं आणि बहिणीचं लगेच एकमत झालं.

कागदांचं मात्र बहिणीने सोडलं नाही. होडीची नोंदणी कुणाच्या नावावर? १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा परवाना चालू आहे का? होडीवर कर्ज आहे का? राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून घेतलेल्या बोटी किनाऱ्यावर बऱ्याच आहेत, आणि अशा कर्जाचा दाखला बघितल्याशिवाय व्यवहार करणं धोक्याचं. मच्छीमार सहकारी संस्थेचं ना-हरकत पत्र मिळेल का? कागद नीट नसतील तर डिझेलवरच्या कराचा परतावा मिळत नाही, आणि तो नसेल तर लहान बोटीचा धंदा परवडत नाही. होडीची प्रवासी बोट करावी असं कुणी सुचवलं होतं. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे वेगळी नोंदणी आणि तपासणी लागते. मासेमारीच्या कागदांवर प्रवासी नेता येत नाहीत. तो विचार तिथेच बाद झाला.

[दृश्य : मेस्त्री आणि भाऊ-बहीण धक्क्यावर बसून बोलतात.]

एवढ्यावर मला वाटलं होतं, आता पैशाचं बोलणं होईल. बोलणं झालं ते दिवसांचं. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद. या दोन महिन्यांत सगळा कोळीवाडा आपापल्या बोटी दुरुस्त करून घेतो, नारळी पौर्णिमेनंतर धंद्यावर निघायचं म्हणून. मेस्त्रींचा एकही दिवस रिकामा नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं, नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, की मी तुमचा. म्हणजे अख्खा पावसाळा होडी अशीच राहणार, आणि आणखी एक पावसाळा उघड्यावर गेला तर आज शाबूत असलेला कणाही शाबूत राहील याची खात्री नाही.

मुंबईत जुनी होडी घेणाऱ्याने पैशाच्याही आधी दोन गोष्टींची तजवीज करावी, असं मी हे सगळं बघून म्हणेन : काम करणारा हात आणि उभी करायला जागा. लाकूड विकत मिळतं. वेळेवर मेस्त्री आणि होडीच्या लांबीएवढा किनारा विकत मिळत नाही. कोळीवाड्यांच्या पुढची वाळू आणि चिखल दरवर्षी आकसतो आहे. जुन्या होड्या संपत चालल्यात त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं, आणि ते मला मनापासून लागतं.

या दोघांची जागेची सोय झाली. काकांनी आपली जागा पुढच्या होळीपर्यंत वापरायला दिली.

[दृश्य : वहीत लिहिलेल्या अटी. बहिणीचा हात.]

मग बहिणीने वहीत लिहून घेतलं. इंजिन काकांनी वेगळं विकायचं. खालच्या फळ्यांचं लाकूड आणि मजुरी ठरलेल्या किमतीतून वजा. बयाणा आज. पाऊस लागायच्या आत फायबर सगळं सोलायचं, आणि आत कणा कुठेही मऊ निघाला तर बयाणा परत. उरलेली रक्कम नोंदणी आणि परवाना नावावर झाल्यावर. काकांनी दोनदा वाचून सही केली.

कामंही वाटून घेतली. भाऊ पिंपळाचं रोप मुळासकट काढेल, तळाचं बूच काढून ठेवेल म्हणजे आत आलेलं पाणी वाहून जाईल, आणि वरून ताडपत्री बांधेल, दोन्ही टोकांना वारा खेळेल अशी. टेकू मेस्त्री स्वतः बदलून देणार, कण्याखाली ठोकळे सरकवून. सागाच्या फळ्यांची मापं त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून दिली. लाकूड आत्ताच चिरून आणायचं आणि पावसाळाभर सावलीत, मधे पट्ट्या घालून रचून ठेवायचं. ओलं लाकूड आणलंत, तर नारळी पौर्णिमेला मी हातात पटाशी घेणार नाही, असं ते दोनदा बजावून गेले.