बर्फाखालचा गाळ: परदेशात पर्यावरण शिकताना
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: गोठलेलं तळं. दूरवर काही ठिपके हलतात. जवळ आल्यावर माणसं दिसतात, मागे ओढत आणलेली घसरगाडी.]

फिनलंड. हिवाळा सरत आलाय, पण तळं अजून घट्ट आहे. पर्यावरण विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाचा आजचा तास या बर्फावर आहे. तळाशी थरांनी साचलेल्या गाळात तळ्याचा इतिहास असतो, तो गाळ थर न विसकटता वर काढायचा.

आधी बर्फाची जाडी बघायची. स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान 10 सेंटिमीटर असेल तरच त्यावर माणसांनी चालायचं. बुडबुडे अडकलेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा धरतात. म्हणून पुढे चालणारा दर थोड्या अंतरावर भोक पाडून पट्टी लावतो आणि आकडा वहीत उतरवतो.

[दृश्य: गिरमिट फिरतंय. भोकातून बर्फाचा भुसा आणि पाणी वर येतं. झाऱ्यानं भुसा काढला जातो.]

इथे एकमेकांजवळ दोन भोकं दिसतायत. एक खोली मोजायला, दुसरं गाळ काढायला. एकाच भोकातून दोन्ही केलं, तर दोरीच्या टोकाचं वजन तळाशी रुततं आणि जे थर काढायचे तेच विसकटतात. जागा निवडली आहे ती तळ्याच्या सर्वांत खोल, सपाट भागातली. उतारावरचा गाळ घसरतो आणि त्याचा क्रम विश्वासाचा राहत नाही.

[दृश्य: पारदर्शक नळी, वर वजन आणि झडप. नळी पाण्यात उतरते.]

ही नळी आतून साधारण मनगटाएवढी रुंद. पाणी वरच्या झडपेतून निसटत राहतं आणि नळी खाली जाते. शेवटच्या मीटरला दोरी हातात धरून अगदी सावकाश सोडायची. घाई केली, तर नळीपुढे ढकललं जाणारं पाणी तळावरचा सगळ्यात हलका गाळ उडवून लावतं. तो गाळ म्हणजे अलीकडची वर्षं. नळी भरलेली दिसते, पण तिच्यात आजचा काळच नसतो. आणि हे प्रयोगशाळेत जाईपर्यंत कळतही नाही.

[दृश्य: दोघं दोरी ओढतायत. एकाचा हात खांद्यापर्यंत पाण्यात.]

नळी पाण्याबाहेर येण्याआधी तिच्या तळाशी बूच बसवावं लागतं. पाण्यातच, हातानं. बूच बसायच्या आत नळी वर आली, तर सगळा गाळ निसटून पुन्हा तळाशी जातो आणि सकाळ वाया जाते.

[दृश्य: नळी उजेडात धरलेली. काळपट-फिकट रेषा. निवेदन काही क्षण थांबतं.]

वर स्वच्छ पाणी, खाली गाळ आणि दोन्हींमधली सीमा सुरीनं कापल्यासारखी: काम नीट झाल्याची ही खूण. पाणी गढूळ असेल, तर नळी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. फिनलंडमधल्या काही तळ्यांत हे थर वर्षावर्षाचे असतात. वसंतात बर्फ वितळून आलेल्या खनिज मातीचा फिकट थर, मग उरलेल्या वर्षातल्या सेंद्रिय कचऱ्याचा गडद थर. दोन थर मिळून एक वर्ष.

आता खरी कसरत थंडीची. नळी उघड्यावर राहिली, तर आतला ओलावा गोठतो, फुगतो आणि थर फाटतात. म्हणून ती लगेच उबदार पेटीत ठेवायची. पेटी उभीच न्यायची, आडवी कधीही नाही.

[दृश्य: काठावरची शेड. नळीखालून दट्ट्या वर ढकलला जातोय, गाळ वर येतोय.]

नळी उभी ठेवून खालून दट्ट्यानं गाळ वर सरकवायचा आणि एकेक सेंटिमीटरची चकती कापायची. 40 सेंटिमीटर गाळ म्हणजे 40 पिशव्या, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या केल्या तर 80. प्रत्येक चकतीची बाहेरची कड तासून टाकायची, कारण नळी आत शिरताना तिच्या भिंतीला लागून वरचा गाळ खाली फरफटलेला असतो. दर चकतीनंतर सुरी पुसायची. पिशव्यांवर आधीच लिहून ठेवायचं: तळ्याचं नाव, तारीख, नळीचा क्रमांक, खोली ‘4–5’. यात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक अगदी साधी असते. दोघं काम वाटून घेतात, एक जण वरून मोजतो, दुसरा खालून.

पुढे प्रयोगशाळा. चकतीतला थोडा गाळ मुशीत घेऊन 105 अंश सेल्सिअसला वाळवायचा, वजन करायचं. मग 550 अंशांवर चार तास जाळायचा, पुन्हा वजन. घटलेलं वजन म्हणजे जळून गेलेला सेंद्रिय भाग. मूस गरम असतानाच तराजूवर ठेवली, तर भोवतीची तापलेली हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते. म्हणून ती कोरड्या हवेच्या बंद भांड्यात निवू द्यायची.

आणि वय? ते शिसं-210 सांगतं. हवेतून सतत पडणारं हे किरणोत्सारी शिसं दर 22 वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे गेल्या सुमारे दीडशे वर्षांच्या थरांना वर्षं लावता येतात. ती पडताळायला सीझियम-137 हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. अणुचाचण्यांतून पडणारी किरणोत्सारी धूळ 1963 मध्ये शिगेला पोचली होती, चेर्नोबिलचा अणुअपघात 1986 चा. नॉर्डिक देशांतल्या बऱ्याच तळ्यांच्या गाळात या दोन्ही वेळी सीझियम वाढलेलं दिसतं.

असा गाळ काय सांगतो, याचं एक उदाहरण. स्कॉटलंडमधल्या राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड या तळ्याच्या गाळातले डायटम, म्हणजे पाण्याच्या आम्लतेप्रमाणे जाती बदलणारी सूक्ष्म शैवालं, मोजून युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की ते तळं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आम्ल होत गेलं. तळी आम्लपावसामुळे आम्ल झाली की आणखी कशानं, हा वाद मिटवण्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता.

[दृश्य: विद्यापीठाचं वाचनालय. पडद्यावर अभ्यासक्रमाची पानं सरकतायत.]

परदेशात पर्यावरण शिकायचं ठरवलं की बहुतेकांची सुरुवात क्रमवारीच्या यादीपासून होते. तळ्यावर बघितलेलं काम त्या यादीत कुठेच दिसत नाही. ते अभ्यासक्रमाच्या तपशिलात सापडतं, आणि तो वाचायला शिकावं लागतं.

नावापासून सुरुवात करा. पर्यावरण विज्ञान म्हणजे रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र आणि मोजमाप. पर्यावरण अभियांत्रिकीत सांडपाणी, हवा शुद्ध करण्याची यंत्रणा आणि द्रवगतिशास्त्राचं गणित येतं. पर्यावरण धोरण किंवा व्यवस्थापन यात कायदा, अर्थशास्त्र आणि मुलाखती. ‘शाश्वतता’ हा शब्द या तिन्हींच्या नावात असू शकतो. म्हणून नाव बाजूला ठेवून विषयांची यादी बघायची.

युरोपात वर्षाला 60 क्रेडिट असतात, दोन वर्षांच्या पदवीला 120. एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, नेदरलँड्समध्ये 28. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे तिथे 168 तास. त्यातले वर्गाबाहेरचे तास किती, हे जर्मन विद्यापीठांच्या मॉड्यूल पुस्तिकेत कळतं. प्रत्येक विषयापुढे वर्गातले तास आणि स्वतः करायचे तास वेगवेगळे दिलेले असतात. ही पुस्तिका सहसा संकेतस्थळावर खुली असते. ती वाचताना तीन गोष्टींवर खूण करा: क्षेत्रकार्य सक्तीचं आहे की ऐच्छिक, ऐच्छिक असेल तर जागा किती, आणि प्रवासाचा खर्च कोणाचा.

ब्रिटनमधली पदवी बहुधा एका वर्षाची, 180 क्रेडिटची असते आणि तिथे क्रेडिटचा अर्थ वेगळा, सुमारे 10 तास. सप्टेंबरला सुरुवात, प्रबंध उन्हाळ्यात. म्हणजे हाती एकच मोसम. यंत्र बंद पडलं किंवा पाऊस लागून राहिला, तर दुसरी संधी नाही. दोन वर्षांच्या पदवीत मधला उन्हाळा पूर्वतयारीला मिळतो. फी बघताना हा फरकही मोजायला हवा.

[दृश्य: जमिनीत खणलेला चौकोनी खड्डा. एक विद्यार्थिनी आत उभी, भिंत चाकूनं खरवडतेय.]

नेदरलँड्समध्ये वाखनिंगन गावातल्या विद्यापीठात मातीकडे असं उभं राहून बघायला शिकवतात. फावड्यानं गुळगुळीत झालेली भिंत खोटं बोलते, म्हणून ती आधी चाकूनं खरवडायची. मग थर ठरवायचे. ओल्या मातीचा रंग मन्सेल रंगपुस्तिकेतल्या (प्रमाण रंगांच्या) नमुन्यांना लावून बघायचा, सूर्याकडे पाठ करून आणि गॉगल न घालता. चिमटीत माती चोळायची: कचकच लागली तर रेती, पिठासारखी गुळगुळीत लागली तर पोयटा, बोटाला चिकटून लांब पट्टी निघाली तर चिकणमाती. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसली, की चुना आहे.

[दृश्य: संग्रहालय. भिंतीवर माणसाच्या उंचीचे मातीचे उभे काप.]

याच गावात जगभरच्या मातीचे हे उभे काप जपून ठेवलेले आहेत. 1966 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मृदा केंद्राचा हा संग्रह. विद्यार्थ्यांनी इथे थांबून खड्ड्यातल्या नोंदी पडताळायच्या. प्रबंधाला इथे 36 क्रेडिट असतात, म्हणजे हजारावर तास.

[दृश्य: पाइनचं जंगल. झाडांच्या शेंड्यांवरून निघून आकाशात गेलेला बारीक मनोरा.]

पुन्हा फिनलंड. ह्यूटिआला इथलं हेलसिंकी विद्यापीठाचं वन केंद्र. 1962 मध्ये पेरलेलं हे पाइनचं रान, आणि त्यातला हा मनोरा सव्वाशे मीटरच्या आसपास उंच. 1995 पासून इथे रान श्वास कसं घेतं ते मोजलं जातं.

[दृश्य: जवळून, तीन जोड्या बारीक दांड्यांचा ध्वनी-वायुमापक.]

या दांड्यांमधून ध्वनी जातो-येतो आणि वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांना कळतो, सेकंदाला 10 वेळा. शेजारच्या यंत्रात त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. वर जाणाऱ्या झुळकीत तो कमी आणि खाली येणाऱ्यात जास्त असेल, तर रान तो शोषून घेतंय. अर्ध्या तासाच्या 18 हजार नोंदींतून एक आकडा निघतो.

विद्यार्थी इथे अडखळतात ते रात्रीच्या आकड्यांवर. शांत रात्री हवा घुसळत नाही. झाडांनी आणि मातीनं सोडलेला वायू जमिनीलगत साचतो किंवा उताराला लागून वाहून जातो, वरच्या यंत्राला दिसतच नाही. आकडे तसेच ठेवले, तर रान आहे त्यापेक्षा जास्त कार्बन शोषताना दिसतं. म्हणून हवेची घुसळण किती हे सांगणारा ‘घर्षण वेग’ ठरावीक मर्यादेखाली असलेल्या नोंदी काढून टाकायच्या आणि रिकाम्या जागा तापमानावरून भरायच्या. पावसाचा थेंब दांडीवर बसला, तरी ती नोंद बाद.

या केंद्राचा डेटा खुला आहे. अर्ज करण्याआधी एका जुलैच्या नोंदी उतरवून घ्या, आर किंवा पायथन या संगणकभाषेत दिवस-रात्रीचा आलेख काढा. ‘मला निसर्गाची आवड आहे’ या वाक्यापेक्षा त्या आलेखावर लिहिलेला परिच्छेद अर्जात जास्त बोलतो.

[दृश्य: स्वालबार्ड. लालसर पोशाखातली मुलं थंडगार समुद्रात उडी मारतात. मग नेमबाजीचं मैदान.]

78 अंश उत्तर, आर्क्टिकमधला नॉर्वेचा द्वीपसमूह. इथल्या लाँगइयरब्येन गावचं हे विद्यापीठ केंद्र 1993 मध्ये उघडलं. क्षेत्रकार्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण उत्तीर्ण व्हावं लागतं. समुद्रात तरंगवणाऱ्या पोशाखानिशी उडी, हिमनदीच्या भेगेतून माणूस वर काढणं, प्रथमोपचार, इशाऱ्याचं पिस्तूल, रायफल. चालताना रायफलीच्या कोठीत गोळ्या असतात, नळीत नाही. ध्रुवीय अस्वल इथे 1973 पासून संरक्षित आहे. 2025 पासून त्याच्यापासून किमान 300 मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनमध्ये 500. रायफल अगदी शेवटचा उपाय.

[दृश्य: ओली दरी. विद्यार्थी लोखंडी सळई जमिनीत दाबतोय, दुसरा आकडा लिहितोय.]

ॲडव्हेंटदालेन दरीतला हा चौरस 100 मीटर बाय 100 मीटरचा. दर 10 मीटरवर एक खूण, एकूण 121. उन्हाळ्याअखेर प्रत्येक ठिकाणी सळई दाबायची आणि ती अडते तिथपर्यंतची खोली मोजायची: एवढी जमीन यंदा वितळली. दगडाला लागली तर सळई ‘टण्’ वाजते, गोठलेल्या जमिनीला लागली तर बोथट थांबते. शंका आली, तर हातभर बाजूला पुन्हा दाबायची. 2000 पासून हे मोजमाप चालू आहे.

कागदपत्रांतली एक अडचण इथली खास. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही, पण ते शेंगेन क्षेत्राबाहेर (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांबाहेर) आहे आणि वाट नॉर्वेच्या मुख्यभूमीतून जाते. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो, त्यांनी तो निदान दोन प्रवेशांचा घ्यायला हवा. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर आलेल्याला परतीच्या वाटेवर अडचण येते.

[दृश्य: झपाट्यानं बदलणारी चित्रं. अर्ज, गुणपत्रिका, विमानतळ.]

बाकी तयारी नेहमीची: गुणपत्रिका, विषयवार तासांचा तपशील, इंग्रजीची परीक्षा, दोन शिफारसपत्रं. शिष्यवृत्तीसाठी युरोपचा इरॅस्मस मुंडस, जर्मनीचा डाड (DAAD), ब्रिटनचा चिव्हनिंग, आणि त्यांच्या मुदती बहुधा प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी संपतात. संख्याशास्त्र कच्चं असेल, तर ते निघण्याआधी पक्कं करा. तिथे पहिल्याच महिन्यात लागतं. नोकऱ्या सल्लागार संस्था, पाणीपुरवठा, सरकारी देखरेख आणि संशोधन यांत मिळतात, आणि देशाची भाषा येत असेल तर लवकर.

[दृश्य: पुन्हा तळ्याकाठची शेड. संध्याकाळ, डोक्यावर दिवा. नळीत थोडाच गाळ उरलाय.]

शेवटच्या काही चकत्या. खालचा गाळ घट्ट असतो, सुरी जोर लावून फिरवावी लागते. वजनं उद्या. आज फक्त पिशव्या मोजायच्या, बंद करायच्या आणि चार अंशांवर ठेवायच्या.

[दृश्य: बोटं गोठलेली. पेन्सिलनं वहीत लिहिलं जातं: 39–40. आवाज फक्त दिव्याच्या गुणगुणीचा.]