बोटीवर होते, म्हणजे नेमके काय करत होते?

मंडळी, आपल्या कोकणात एकही 'नेव्हीवाले काका' नाहीत असे गाव शोधावे लागेल. ते गेले की चौकातल्या फलकावर ओळ येते, 'माजी नौसैनिक, ७१च्या युद्धात सहभाग.' पंधरा-वीस वर्षांची नोकरी त्या एका ओळीत आटोपते. हा त्या माणसावर अन्याय आहे. आठवण ठेवायची तर त्यांच्या कामाची ठेवायला हवी, आणि त्यासाठी ते काम आधी नीट समजून घ्यायला हवे.

पहिली अडचण नावांची. घरचे सांगतात, 'ते शिवाजी बोटीवर होते.' पण आयएनएस शिवाजी आहे लोणावळ्याला, डोंगरात. नौदल जमिनीवरच्या तळांनाही जहाजासारखीच नावे देते. तरी ही चूक उपयोगाची आहे, कारण तळावरून शाखा कळते. शिवाजी म्हणजे इंजिन खाते, जामनगरचे वालसुरा म्हणजे वीज, मालाडजवळच्या मार्व्याचे हमला म्हणजे भांडार, हिशेब, स्वयंपाक. दुसरी गफलत, नावे पुन्हा वापरली जातात. १९४६च्या फेब्रुवारीत नाविकांचा उठाव जिथून सुरू झाला ती 'तलवार' म्हणजे कुलाब्यातली सिग्नल शाळा. १९७१ला कराचीच्या मोहिमेत होती ती 'तलवार' फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका. आणि २००३पासून रशियात बांधलेली तिसरी 'तलवार' आहे. म्हणून नुसते नाव टिपू नका, शेजारी साल लिहा.

मग कागद. डिस्चार्जचे पुस्तक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, हे दोन आधी शोधा. त्यांवरचा सर्व्हिस नंबर म्हणजे सगळ्याची किल्ली. कागद हरवले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. नाविकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. पत्र लिहिताना भरतीच्या वेळी इंग्रजीत जसे नाव नोंदले तसेच लिहा. सातबारावरचे आडनाव आणि तिथले आडनाव जुळत नाही, आणि अर्ज तिथेच अडकतो.

पदके बोलतात, फक्त ती ओळखता आली पाहिजेत. पश्चिमी स्टार म्हणजे १९७१ला माणूस पश्चिम आघाडीवर होता, पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेकडे. संग्राम मेडल एकटेच असेल तर त्या काळात तो सेवेत होता एवढेच म्हणता येते. गोल पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत असते. गणपतीच्या आधी चांदीच्या भांड्यांबरोबर पदकही घासून लख्ख करणारी घरे आहेत. कृपा करून तसे करू नका, आधी झिजते ते नावच. कोरड्या सुती कापडाने पुसा, कागदात गुंडाळा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पावसाळ्यात ती पुडी बदला.

आता सगळ्यात मोलाचे, माणूस हयात असेल तर. 'युद्धाचे सांगा' असे म्हणू नका. उत्तर ठरलेले असते, 'काही विशेष नाही, ड्यूटी केली.' त्याऐवजी विचारा: तुमचे ॲक्शन स्टेशन, म्हणजे लढाईच्या वेळी उभे राहायची जागा, कुठे होते? वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, कोणता? झोपायची जागा कुठली? कागद-पेन्सिल पुढे ठेवा आणि बोटीतल्या त्यांच्या कप्प्याचा नकाशा काढायला सांगा. हात चालू लागला की शिडी किती पायऱ्यांची होती, व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला होता, सगळे येते. वॉच चार तासांचे, संध्याकाळी चार ते आठ मात्र दोन-दोन तासांचे दोन. त्याने दिवसाचे सात वॉच होतात, आणि रात्रीचा जागता पहारा रोज एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही.

विमानवाहू विक्रांतच्या बॉयलर रूममधला माणूस समोर असेल तर आणखी खोलात जा. १९७१ला तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे वेगावर मर्यादा होती. डेकवरून विमान सुटायचे तर बोटीला वाऱ्याच्या तोंडावर वेगाने जावे लागते. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव आणि कॉक्स बझारवर गेलेल्या प्रत्येक विमानामागे खाली वाफ राखणारे हात होते. ते हात कुठल्याच फोटोत नाहीत.

इंजिनवाल्यांचे कान आवाजाने गेलेले असतात. ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला बसा, ओरडू नका, हळू बोला. पंखा बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये घरघरच उरते. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पाऊण तास पुरे, उरलेले दुसऱ्या दिवशी.

आणि काकूंना विसरू नका. ट्रंकेत मनीऑर्डरची कूपने असतात, त्यांवर रक्कम, तारीख आणि दोन ओळींचा मजकूर असतो. पत्रांवर बोटीचे नाव आणि फ्लीट मेल ऑफिसचा पत्ता असतो, बोट कुठल्या समुद्रात आहे ते नसते. काकूंना ते कधी आणि कसे कळले, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मग पुढची चाळीस वर्षे. पेन्शनला पंधरा वर्षांची सेवा लागते, म्हणजे अठराव्या वर्षी गेलेला मुलगा पस्तिशीच्या आत-बाहेर घरी येतो. नंतर त्याने कुठे नोकरी धरली, वाडीतला कुणाचा पंप दुरुस्त केला, नळयोजनेची मोटर कोण सुरू करायचे, हे शेजाऱ्यांना विचारा. त्यांची नावे आणि सालेही त्याच वहीत येऊ द्या.